अक्षराला वाक देताना



बीडी कामगारांत आणि राइस मिलच्या हमालांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी वसंत व्याख्यानमालेत उभे राहून मजुरीवर बोलावे, महागाईवर बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते. आम्ही विषय घेतला आहे तो अक्षर वाकविण्याचा. संगणकावर चित्रे काढण्याच्या ज्या प्रणाली आहेत, म्हणजे कोरल ड्रॉ, इलस्ट्रेटर, इंकस्केप, त्यांत अक्षराला वाक देण्याची, त्याला फुगविण्याची, पिळण्याची सोय असते. ती शिकावी कशी आणि ती शिकताना आपल्या देवनागरी अक्षराचे काय होते, एवढाच हा विषय आहे. मजुरीचा प्रश्न त्यात शेवटी येतोच. आम्ही त्याला ओढून आणतो असे नव्हे; तो आपल्या पायांनी चालत येतो.

जयस्तंभ चौकावरून जे आले असतील त्यांनी वाटेत निदान वीस फलक ओलांडले असतील. वाढदिवसाच्या शुभेच्छा, कोचिंग क्लास, धानाच्या बियाण्याची जाहिरात, हंगाम संपला तरी न उतरलेले झाडीपट्टीच्या नाटकाचे पोस्टर. निम्म्या फलकांवर एखादी ओळ तरी कमानीसारखी वाकलेली असते. आपण ती वाचतो आणि पुढे जातो. परंतु ती ओळ आपोआप वाकलेली नाही. फ्लेक्सच्या दुकानात मागच्या बाजूस, पंख्याखाली बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या एखाद्या मुलाने ती वाकविली आहे. त्यांतले पुष्कळसे आमच्या बीडी वळणाऱ्या बायांचे मुलगे आहेत. आईने सूप मांडीवर घेऊन तेंदूचे पान कापले, मुलगा माऊस घेऊन अक्षर कापतो. म्हणून हा विषय आमचा आहे.

तसे पाहिले तर वाकलेल्या अक्षराशी ह्या भागाची ओळख जुनी आहे. बीडीचे लेबल आठवा. मध्ये मालकाचे चित्र किंवा एखादा आकडा, वर कमानीत कारखान्याचे नाव, खाली उलट्या कमानीत गावाचे नाव. गिऱ्हाइकाला वाचता येत नसले तरी ती कमान ओळखता येई. पुस्तकाच्या छापखान्यात अशी कमान सहजासहजी निघत नसे, कारण शिशाचा खिळा चौकोनी. चौकोनी खिळे शेजारी शेजारी बसविले की ओळ सरळच यावयाची. दगडावरच्या छपाईत, म्हणजे शिळाप्रेसमध्ये, कारागीर अक्षर हाताने काढी, तेव्हा त्याला हवे तसे वळण देता येई. लेबलावरची कमान ही त्या हाताची कमान आहे. आता १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटावर दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा धोक्याच्या इशाऱ्यासाठी द्यावा लागतो. उरलेल्या पंधरा टक्क्यांत नाव, कमान आणि मालक काय ते बसवावे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. ज्या बायांच्या छातीत ती तंबाखूची धूळ चाळीस वर्षे गेली त्यांच्या बाजूने आम्ही बोलतो, लेबलाच्या बाजूने नाही.

लेबलानंतर आला पेंटर. दुकानाची पाटी, शाळेची भिंत, मिरवणुकीची कमान, एस. टी. स्थानकावरची जाहिरात हे सगळे पेंटरचे राज्य होते. २००० सालानंतरच्या दहाएक वर्षांत फ्लेक्स छापण्याची यंत्रे गावोगाव आली आणि ते राज्य गेले. काही पेंटर घरांना रंग देऊ लागले, काही देवळांच्या कळसांवर गेले, काही नुसतेच बसले. गेली तीन वर्षे आमच्या युनियनच्या खोलीत रविवारी सकाळी आम्ही एक वर्ग चालवितो. दोन जुने संगणक, त्यांवर इंकस्केप. ही प्रणाली २००३ साली सुरू झाली आणि ती फुकट आहे. तिच्यासाठी चोरीची प्रत वापरावी लागत नाही की वर्षाची वर्गणी भरावी लागत नाही. वर्गात मुले येतात आणि दोघे-तिघे जुने पेंटरही येतात. मुलांना बटणे येतात, पेंटरांना अक्षर येते. आम्हांला दोन्ही येत नव्हते, तेव्हा आम्ही मधे बसून दोघांचे ऐकू लागलो. पुढे जे सांगणार आहोत ते तेथे ऐकून, पाहून आणि थोडे वाचून जमा झालेले आहे.

अक्षर वाकविण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिली अशी की आधी एक वक्र रेषा काढावयाची आणि अक्षरांना त्या रेषेवर चालावयास लावावयाचे. कोरलमध्ये हिला 'फिट टेक्स्ट टु पाथ' म्हणतात, इंकस्केपमध्ये 'पुट ऑन पाथ'. दुसरी रीत अशी की सगळा शब्दच एका रबराच्या पिशवीत घातला आहे असे समजावयाचे आणि पिशवीच्या कडा ओढावयाच्या; कडा जशा वळतील तसा आतला शब्द वळतो. हिचे नाव 'एन्व्हलप', म्हणजे लिफाफा. आमची मुले लिफाफाच म्हणतात. इलस्ट्रेटरमध्ये ह्याच जातीचे तयार पंधरा साचे दिलेले आहेत: कमान, झेंडा, लाट, मासा, फुगवटा वगैरे. एक निवडला की यंत्र आपण होऊन पन्नास टक्के वाक देऊन मोकळे होते. गावातले कित्येक फलक ह्या पन्नास टक्क्यांवरच थांबलेले दिसतात, हे आता आपणांस ओळखता येईल.

वर्गात पहिल्याच महिन्यात मुलांनी 'कामगार दिन' हे शब्द पहिल्या रीतीने कमानीवर चढविले. इंग्रजी अक्षरे तशी चढविली होती तेव्हा छान बसली होती. मराठी अक्षरे चढली आणि शिरोरेषा तुटली. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपापला आखूड तुकडा, आणि दोन तुकड्यांच्या मधे फट. जणू एका घरचे छप्पर वाऱ्याने उडून कौले तेवढी उरली. मुले फॉन्टला दोष देऊ लागली. एक पेंटर, वय साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर ठेवून पाहात होते. ते म्हणाले, "भाऊ, फॉन्टची चूक नाही जी. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं राहते. आपलं अक्षर दोरीवर लटकते. तुमची मशीन त्याले उभं करून राहिली."

ह्या एका वाक्यात सगळे आले. इंग्रजी लिपीची ओळ खाली असते. त्या ओळीवर अक्षरे उभी असतात आणि वर ती एकमेकांपासून मोकळी असतात. ओळ वाकली की त्यांची डोकी पंख्याच्या पात्यांसारखी फाकतात, पण ती मुळातच सुटी असल्याने त्यांचे काही बिघडत नाही. आपली लिपी वरून बांधलेली आहे. ती फाकली की तुटते.

गणिताने पाहावयाचे तर असे पाहा. तीस इंच त्रिज्येची कमान आहे आणि अक्षराची उंची सहा इंच आहे. अक्षराचे पाय तीस इंचांच्या वर्तुळावर, तर शिरोरेषा छत्तीस इंचांच्या वर्तुळावर पडते. म्हणजे पायापाशी वीस इंच भरणाऱ्या ओळीला डोक्यापाशी चोवीस इंच शिरोरेषा लागते. अक्षरांनी आपल्याबरोबर आणली आहे वीसच. उरलेली चार इंच शिरोरेषा कोठून आणावयाची? यंत्र ती आणीत नाही. ते फट ठेवते. उलट्या कमानीत, म्हणजे हसणाऱ्या तोंडासारख्या ओळीत, नेमके विपरीत होते. तेथे शिरोरेषा आतल्या लहान वर्तुळावर पडते, तुकडे एकमेकांवर चढतात, काने शेजारच्या अक्षरात घुसतात. एका रंगात हे झाकून जाते. पण अक्षराला पांढरी किनार द्या, मग प्रत्येक चढलेला सांधा उघडा पडतो.

जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत आणखी एक गंमत आहे. त्यांत काना हा वेगळा, अर्धे अक्षर वेगळे, वेलांटी वेगळी असे एकाच अक्षराचे दोन-तीन सुटे तुकडे टंकलेले असतात. यंत्र त्या प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर समजून स्वतंत्र कोनात फिरविते. मग 'का' मधला काना 'क' पासून फुटून निघतो, बापापासून मुलगा वेगळा निघावा तसा. युनिकोड फॉन्टांत, आणि ते नीट जुळविणाऱ्या प्रणालीत, हा त्रास राहात नाही. मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींनी केलेले 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट सर्वांना मोफत वापरता येतात. आम्ही वर्गात तेच वापरतो. त्यांनी काना फुटत नाही, पण शिरोरेषा मात्र तुटावयाची ती तुटतेच.

पेंटर भिंतीवर काय करीत असे हे आम्ही त्याच्याकडून विचारून घेतले. सरळ ओळीला तो सूत मारतो. कमानीला तो एक खिळा ठोकतो, त्याला सुतळी बांधतो, सुतळीच्या टोकाला खडू धरून चाप काढतो. हा चाप पायाचा नसतो, डोक्याचा असतो. प्रथम शिरोरेषा आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर. खालच्या उकारांना गर्दी होते, तेव्हा तेथे तो उकार थोडा आखूड करतो किंवा बाजूस सरकवितो. ते मोजून नाही, डोळ्याने. यंत्रालाही हेच सांगता येते. अक्षरे पायावर न ठेवता शिरोरेषेच्या उंचीवर टांगावयाची, म्हणजे वाकविण्याची रेषा हीच डोक्याची रेषा धरावयाची. फटी जवळजवळ मिटतात. तरीही प्रत्येक तुकडा स्वतःपुरता सरळच राहतो, म्हणून बारकाईने पाहिले तर कमान न दिसता बैलगाडीच्या चाकावर पाट्या ठोकल्यासारखे कोन दिसतात. लहान पाटीवर चालून जाते. वीस फुटी कमानीवर चालत नाही.

तेथे लिफाफा लागतो. शब्द आधी सरळ ओळीत लिहावा, शुद्धलेखन दोघांकडून तपासून घ्यावे, एक प्रत बाजूस ठेवावी आणि मग दुसऱ्या प्रतीचे अक्षरपण काढून तिची नुसती आकृती करावी. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू, इंकस्केपमध्ये शिफ्ट, कंट्रोल आणि सी. येथून पुढे यंत्राच्या लेखी ते अक्षर राहात नाही, रेषांची जाळी होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आत राहिली असेल तर ती आता दगडावरची झाली. मग सगळे तुकडे एकत्र जोडून अखंड शिरोरेषेचा एकच आकार करावा आणि तो लिफाफ्यात घालून वाकवावा. शिरोरेषा एकच असल्याने ती तुटत नाही. ताणली जाते, वळते आणि खरी कमान होते. कोरल वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट: लिफाफ्याच्या पर्यायांत 'कीप लाइन्स' म्हणून एक खूण असते. ती चालू असेल तर यंत्र सरळ रेषांना सरळच ठेवते. इंग्रजी अक्षराच्या दांड्याला त्याचा कधी उपयोग होतो. आपली शिरोरेषा मात्र अशाने ताठ उभी राहते आणि बाकीचे अक्षर तिच्याखाली वाकते. ही खूण काढून ठेवावी. दुकानातील एक मुलगा ह्या एका खुणेपायी आठवडाभर हैराण झाला होता.

ह्या वक्रांच्या मागे जे गणित आहे त्याची कथा आम्हांस कामगार म्हणून फार आवडते, म्हणून थोडा वेळ घेतो. संगणकावर वक्र रेषा ओढताना तिच्या टोकाला दोन काड्या फुटलेल्या दिसतात. काडी फिरविली की रेषा तिच्याकडे झुकते. ह्या वक्राला बेझिएचा वक्र म्हणतात. पिएर बेझिए हे फ्रान्समधील रेनॉ ह्या मोटारींच्या कारखान्यातील इंजिनियर. मोटारीच्या पत्र्याला जो बाक द्यावा लागतो तो यंत्राला अचूक सांगता यावा म्हणून त्यांनी १९६० नंतरच्या दशकात ही रीत बसविली. परंतु त्यांच्या आधी, १९५९ च्या सुमारास, सित्रोएँ ह्या दुसऱ्या मोटार कारखान्यात पॉल द कास्तेल्जो ह्या तरुण गणितज्ञाने तेच काम केले होते. त्याच्या कंपनीने ते गुपित म्हणून कुलपात ठेवले. कुलूप मालकाचे, म्हणून नाव दुसऱ्याचे झाले. पुढे हेच वक्र छपाईच्या अक्षरांत आले. १९८७ साली इलस्ट्रेटर निघाले, १९८९ साली कॅनडात कोरल ड्रॉ निघाले, आणि मोटारीच्या मडगार्डाचा बाक आमच्या गोंदियाच्या वाढदिवसाच्या फलकावर आला. मुलांना आम्ही सांगतो की अक्षर वाकविणे ही नटवेगिरी समजू नका. हे कारखान्यातून आलेले काम आहे, पत्रा वाकविण्याच्या जातीचे.

पत्र्याला जसा अमुक एका मर्यादेपलीकडे वाक सोसत नाही तसा अक्षरालाही सोसत नाही. आमच्या लिपीचे जाड-बारीकपण बोरूच्या तिरप्या कापातून आले आहे. फलक रुंद आणि नाव आखूड, म्हणून मुलगा नावाला दोन्ही बाजूंनी ओढतो. असे ओढले की उभे दांडे लठ्ठ होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच बारीक राहते. मोठ्या गोणीखाली वाकलेल्या हमालाचे पाय दिसावेत तसे ते दिसते. फुगवट्याच्या साच्यात मधली अक्षरे फुगतात आणि टोकाची चेपतात; म्हणजे पुढाऱ्याच्या नावातले मधले अक्षर मोठे आणि आडनाव बारीक. जेवढा वाक लागतो त्याच्या निम्मा देऊन पाहावे, फलक दहा पावले दूर ठेवून वाचावा आणि मगच वाढवावा. वर्गातला हा नियम पेंटरांनी घातला आहे. मुले पडद्याला नाक लावून काम करतात. फलक मात्र स्कूटरवरून जाणारा वाचतो.

वाक देण्याला कारण पाहिजे. कारण असले म्हणजे काय होते हे पाहावयाचे तर कमल शेडगे ह्यांचे काम पाहावे. २०२० साली ते वारले. मराठी नाटकांची कितीएक नावे त्यांनी हाताने रेखाटली. नाटकाची प्रकृती नावाच्या वळणातच उतरावी असा त्यांचा प्रयत्न असे आणि त्यासाठी त्यांना कुठलाही साचा लागला नाही. आमच्याकडे वडसा येथे झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव प्रयोग लागतात आणि त्यांच्या पोस्टरांवर नावे जळतात, रक्त गाळतात, थरथरतात. शहरी माणसे ह्याला हसतात. आम्ही हसत नाही. तीस फुटांवरून, कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात, आजचे नाटक रडविणारे की हसविणारे हे त्या अक्षरावरून कळावे लागते, आणि ते कळते. त्यांत वाईट काम पुष्कळ आहे, तसे ते कोठे नाही?

आणि वाक कधी कधी सरळ दिसण्यासाठीही द्यावा लागतो. चहाचा कागदी पेला घ्या. तो वर रुंद, खाली निमुळता. उकलून सपाट केला तर तो पंख्याच्या पानासारखा चापाचा तुकडा होतो. त्यावर सरळ ओळ छापली तर पेला झाल्यावर ती ओळ वाकडी दिसते. पेल्यावर ओळ सरळ दिसावी म्हणून कागदावर ती त्या चापाबरोबर वाकवून छापावी लागते. वर्गातल्या एका मुलीने हे वर्तुळाच्या प्रमाणातून स्वतः बसविले. तिची आई सट्टेदाराकडे बीडी देते. तिला गणितात शाळेत किती गुण होते हे आम्ही विचारले नाही.

आता पायांनी चालत येणारा प्रश्न. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर असतो. ह्या भावात कापड आले, शाई आली, वीज आली, यंत्राचा हप्ता आला. अक्षर कोठे आले? ते 'डिझायनिंग फ्री' ह्या दोन शब्दांत आले. ज्या कामाला तास, दोन तास लागतात, जे चुकले तर सगळा फलक फुकट जातो, त्याचा दर शून्य. मुलाला महिन्याचा पगार असतो आणि लग्नसराईत, निवडणुकीत, १४ एप्रिलच्या आदल्या रात्री तो पहाटेपर्यंत बसतो. फलक चुकला तर छापाईचा खर्च काही ठिकाणी त्याच्या पगारातून कापतात. बीडीत ह्याला छाट म्हणतात: हजार बीड्या द्या, त्यांतल्या काही खराब म्हणून काढल्या जातात आणि मजुरी कापली जाते. बीडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ साली झाला, त्यामागे छाटीविरुद्धचे किती मोर्चे होते हे ह्या गावाला सांगावयास नको. फलकावरच्या छाटीला अजून नावसुद्धा मिळालेले नाही.

दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक अक्षराचे पैसे देत नाही. त्यांचेही खोटे नाही. म्हणून हे भाषण कामगारांच्या सभेत न करता येथे करतो आहोत, कारण गिऱ्हाईक येथे बसलेले आहे. आपण दुकानात जाता, मुलाच्या मागे उभे राहता, "जरा वाकवून दे, जरा मोठे कर, आता लाल कर" असे अर्धा तास सांगता आणि चौरस फूट मोजून निघून येता. पेंटर अक्षरावर पैसे घेई तेव्हा आपण अक्षरे मोजून मजकूर आणीत होता. 'शुभेच्छुक' च्या खाली चाळीस नावे त्या काळी नसत.

आमची सूचना मोठी नाही. बिलावर चौरस फुटाच्या खाली दुसरी ओळ असावी: अक्षरकाम, आणि समोर रक्कम. ती दहा रुपये असो की शंभर, पण लिहिलेली असावी. दर तासावर असावा की अक्षरावर, ह्याबद्दल वर्गातच दोन पक्ष आहेत. मुले तास म्हणतात. पेंटर अक्षर म्हणतात, आणि जोडाक्षराला दीडपट. पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी युनियनच्या खोलीत ह्यावर बैठक आहे. दुकानदारांनाही बोलावले आहे, चौघांनी येतो म्हणून सांगितले आहे. खोलीत खुर्च्या बाराच आहेत, बाकीच्यांस सतरंजीवर बसावे लागेल.